लाइट गेले की माझ्याकडे या

९ सप्टेंबर, सोमवार

निर्णय झाला. जनरेटर बसवून घेणार. दोरी ओढून फटफट करणारा, चाकांवरचा नव्हे. घराबाहेर कायमचा बसणारा, गॅसवर चालणारा, लाइट गेले की दहा सेकंदांत आपला आपण सुरू होणारा. माणसाने बोटसुद्धा लावायचं नाही.

काल कॅनडाच्या पार दुसऱ्या टोकाहून, कॅलगरीहून, मॉइराचा फोन. माझी एकुलती एक मुलगी. तिकडे एका कंपनीत माणसं कामावर ठेवते आणि काढते. आता मला काढायला निघाली आहे. म्हणाली, आई, मागच्या हिवाळ्यासारखं पुन्हा झालं ना, तर ईस्टरला घर विकायचं आणि तू शहरातल्या त्या वृद्धांच्या इमारतीत जायचंस. मी तुझं नाव नोंदवून ठेवलंय.

नाव नोंदवून ठेवलंय! एकतीस वर्षं मी ग्लेनमोराचं पोस्ट ऑफिस चालवलं. मला न विचारता माझं नाव कुणी कशातही नोंदवलेलं नाही, बाप्तिस्मा सोडला तर.

मागच्या हिवाळ्यात काहीही झालं नव्हतं. तीन दिवस लाइट नव्हते, एवढंच. आमच्या केप ब्रेटन बेटावर याला घटना म्हणत नाहीत. मी अगदी ठणठणीत होते. समोरच्या डॅन अ‍ॅलेक गिलिसच्या स्वयंपाकघरात, त्याच्या लाकडाच्या शेगडीपाशी, मी तीन दिवस राहिले ते केवळ त्याच्या बहिणीला, टेसीला, सोबत व्हावी म्हणून. पण त्या गृहस्थाने मी बाकावर झोपलेली असताना फोटो काढला. तोंड उघडं, पायांवर त्याचा कुत्रा. कुत्र्याचं नाव बिशप. (कॉन्व्हेंटमध्ये असं नाव नुसतं उच्चारलं असतं तर आठवडाभर जेवणघराची फरशी पुसावी लागली असती.) आणि तो फोटो मॉइराला पाठवला. कशासाठी? तर म्हणे, पोरीला काळजी लागली असेल.

निश्चय: या हिवाळ्यात त्या घरात पाऊल टाकणार नाही.
आणखी एक निश्चय: डॅन अ‍ॅलेकचं नाव या वहीत पुन्हा येणार नाही.

१० सप्टेंबर

डॅन अ‍ॅलेक सकाळी आला. दार न वाजवता. या गावात दार फक्त जनगणनावाले वाजवतात.

म्हणाला, इफी, जनरेटर घेतेस म्हणे.

मी काल दुपारी फोन केला तो हॅलिफॅक्सच्या कंपनीला. हॅलिफॅक्स इथून चार तासांवर आहे. बातमी परत यायला एक रात्र लागली, म्हणजे हल्ली सगळेच सुस्तावले आहेत.

माझ्याच टेबलाशी बसून, माझाच ओटकेक खात तो म्हणाला, कशाला गं तो खटाटोप? माझी शेगडी आहे, बाक आहे, बिशपला तुझी सवय झालीय. आणि लाकूड कधी बिघडलेलं ऐकलंयस का?

याला मी असं चोख उत्तर दिलं की त्याने तोंड उघडलं नाही. उत्तर सुचलं तेव्हा तो रस्ता ओलांडून त्याच्या अंगणात पोचला होता, पण मी ते खिडकीतून दिलं.

३ ऑक्टोबर

काही झालेलं नाही. इलेक्ट्रिशियन म्हणतो, आधी गॅसची टाकी बसली पाहिजे. गॅसवाला म्हणतो, आधी यंत्र बसलं पाहिजे, मग टाकी किती लांब ते ठरेल. यंत्रवाला म्हणतो, आधी खाली खडी टाकून जागा सपाट करा. खडीवाला म्हणतो, आधी इलेक्ट्रिशियनने खुणा करून द्यायला हव्यात. चौघांशी मी दिवसभर फोनवर बोलले. चौघेही मला ‘डिअर’ म्हणाले.

शेवटी पोस्टमास्तरीण म्हणून माझी जी पद्धत होती ती वापरली. चौघांना एकच दिवस आणि एकच वेळ दिली: गुरुवार, सकाळी नऊ. समोरासमोर आले की कोण कुणाची वाट बघतोय ते कळेल.

आज गुरुवार. कुणीही आलं नाही. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे तिघे आहेतच.

४ ऑक्टोबर

डॅन अ‍ॅलेकने ट्रॅक्टरने खडी आणून ओतली आणि फावड्याने सपाट केली. मी त्याला तशी परवानगी दिली. देखरेख माझी होती. मधेच म्हणाला, इफी, सरक जरा, तू उभी आहेस तिथेच टाकायचीय. हाच या माणसाचा दोष. सगळं स्वतःच केल्याचा आव आणतो.

१६ ऑक्टोबर

यंत्र आलं! करड्या रंगाचं, डीप फ्रीझरएवढं. कसलीही आरास नाही. कॉन्व्हेंटच्या मदर सुपिरियरसारखं. मला पाहताक्षणी आवडलं.

टेसी फाटकाशी येऊन म्हणाली, अगं बाई, केवढी मोठी पेटी. डॅन अ‍ॅलेक म्हणाला, तुझ्या मापाची घेतलीस का, की वाढत्या अंगाची? मी लक्ष दिलं नाही. तो अजून कुंपणापाशी हसतोय.

बसवायला ब्रेंट नावाचा माणूस आला होता. पन्नाशीचा, सभ्य, पण हॅलिफॅक्सचा. तासभर समजावत होता. तिथल्या लोकांना वाटतं आपण सगळे मेणबत्त्यांच्या उजेडात वाढलो. (वाढलो, पण ते त्याला कशाला कळायला हवं?) सांगत होता, मॅडम, चारही बाजूंनी तीन फूट मोकळं ठेवायचं, काही टेकवायचं नाही, बर्फ साचला तर काढायचा. मी म्हटलं, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी बर्फ काढते आहे. तो म्हणाला, हो मॅडम. एवढ्यावर ते संपायला हवं होतं. पण जाताना त्याने तेच तिसऱ्यांदा सांगितलं.

मॉइराला फोन केला. म्हटलं, आता कापून टाक माझं नाव. ती म्हणाली, बघू, आई, आधी एक वादळ तर जाऊ दे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

यंत्र दर मंगळवारी दुपारी दोनला आपणहून बारा मिनिटं चालतं. व्यायाम म्हणून. त्याला तसं शिकवून ठेवलेलं असतं. मी कोट घालून, चहाचा कप घेऊन समोर उभी राहते. एकोणसाठ सालच्या पावसाळी दिवसांत सिस्टर सेंट ह्यूबर्ट आम्हा मुलींकडून अशीच कवायत करून घेत असत, आणि त्याही चहा पीतच बघत.

निश्चय: मीही दर मंगळवारी बारा मिनिटं व्यायाम करणार.

१२ नोव्हेंबर

यंत्राने व्यायाम केला.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज घराभोवती फांद्या रचून झाल्या. नोव्हेंबरात जमीन गोठायच्या आत घराच्या पायाला स्प्रूसच्या झाडाच्या फांद्यांचं कुंपण घालायचं, कमरेइतकं उंच, दाट, म्हणजे खालून वारा शिरत नाही आणि वर बर्फ पडला की घर गोधडीत बसल्यासारखं गरम राहतं. माझी आजी करायची, आई करायची, मी करते. नव्या घरांत फोमचे तक्ते लावतात आणि जानेवारीत नळ फुटला की रडत बसतात.

फांद्या डॅन अ‍ॅलेकने तोडून आणल्या, रचल्या मी. म्हणजे वरच्या थराच्या. खाली वाकायचं काम त्याचं.

तो गेल्यावर बऱ्याच फांद्या उरल्या. यंत्राकडे नजर गेली. बिचारं उघड्यावर उभं. पत्र्याचं अंग. समुद्रावरून वारा सरळ त्याच्यावर. घराला पांघरूण घालायचं आणि घराला वाचवणाऱ्याला थंडीत ठेवायचं, हा कुठला न्याय?

चारही बाजूंनी छान दाट रचल्या. खालून वर, टोकं खाली करून, आजीने शिकवल्याप्रमाणे. एक फटसुद्धा ठेवली नाही. यंत्रासोबत आलेल्या पुस्तकात तीन फुटांचं लिहिलेलं आहे, मी वाचलंय, चौऱ्याऐंशीही पानं वाचली आहेत. पण ते पुस्तक सगळ्या जगासाठी छापलेलं आहे. फ्लोरिडालाही तेच देतात.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

फांद्यांच्या आत यंत्राने बारा मिनिटं उत्तम व्यायाम केला. आवाजही कमी येतो. ब्रेंटला कळवावं का? नको, स्वतःच्या नावावर खपवेल.

८ डिसेंबर, रविवार

आज मिसानंतर हॉलमध्ये सगळे चहाला जमले होते. मी चमचा कपावर वाजवला आणि जाहीर केलं: यापुढे लाइट गेले की कुणीही अंधारात बसायचं नाही, माझ्याकडे यायचं. उजेड असेल, उष्णता असेल, फोन चार्ज करता येतील, गरम जेवण असेल.

टाळ्या झाल्या. मी डॅन अ‍ॅलेककडे बघितलं नाही, पण कसा दिसतोय ते बघून घेतलं. तीस वर्षं वादळात सगळा रस्ता त्याच्या स्वयंपाकघरात जमत आला आहे. लोक मोजे शेगडीवर वाळत घालतात, पत्ते कुटतात आणि त्याला वाटतं आपण कुणीतरी आहोत. आता कळेल.

तो म्हणाला, बरं झालं इफी, माझी लाकडं वाचतील. वरवर बोलतो. आतून जळला असणार.

फादर चुक्वुमांनी मला बाजूला घेतलं. ते नायजेरियाचे, इथे आल्याला तीन वर्षं झाली, अजून मे महिन्यापर्यंत दोन स्वेटर घालतात. म्हणाले, इफी, आमच्या एनुगूत आम्ही जनरेटरच्या आवाजातच लहानाचे मोठे झालो. तुमच्याला हवा मोकळी मिळते ना? त्याला श्वास लागतो हं.

मी म्हटलं, फादर, हवा इथे भरपूर आहे. तीच तर अडचण आहे.

उष्ण देशातला माणूस. त्यांना थंडीतलं काय कळणार?

२४ डिसेंबर

लाइट गेलेले नाहीत. अख्खा डिसेंबर एकदाही नाहीत. आयुष्यभर ही वीज कंपनी कावळा तारेवर बसला तरी अंधार करत आली आणि नेमकी या वर्षी सुधारली.

फ्रीझरमध्ये दोन मीट पाय आहेत, आत खिमा भरून भाजायचे, पाहुण्यांसाठी. तिसरा होता तो मी खाल्ला, तपासून बघायला.

२५ डिसेंबर

जेवताना लाइट गेले! मी उठून उभी राहिले, घड्याळ हातात. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आले. यंत्राला दहा लागतात.

टेसीने संध्याकाळी काकवीच्या कुकीज पाठवल्या. मी खाणार नाही असं ठरवलं होतं, पण नाताळच्या दिवशी अन्न परत पाठवणं पाप आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

उणे एकोणीस. नाताळनंतर हॉलमधलं झाड उतरवलं, त्याच्या फांद्या फेकून देणार होते. त्या मी मागून घेतल्या आणि यंत्राला दुसरा थर दिला. वर आडव्या चार. आता फक्त कोपऱ्यातला हिरवा दिवा दिसतो, तोही वाकून बघितलं तर.

व्यायाम: यंत्राचा झाला. मी फांद्या रचल्या तोच माझा धरला.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळी ८. वादळाचा इशारा. साठ सेंटिमीटर बर्फ, वारा शंभरच्या वर. शेवटी एकदाचं.

१०.३०. दोन्ही पाय ओव्हनमध्ये. सूप शेगडीवर. निळा स्वेटर घातला आहे.

११.२०. लाइट गेले.

११.२० आणि दहा सेकंद. आले! फक्त माझे! खिडकीतून बघितलं, अख्खा रस्ता काळा आणि मी एकटी उजळलेली. समोर डॅन अ‍ॅलेकच्या खिडकीत कंदील. कंदील! मला हसू आलं, पण मोठ्याने नाही. थोडंसं मोठ्याने.

१२.१५. लोक येताहेत. बर्फातून, एकमेकांचे कोट धरून, पातेली घेऊन. फादर आले, सगळे स्वेटर एकदम घालून. टेसी आली, कुकीज घेऊन. चौदा माणसं झाली. फोन चार्जिंगला लावायला जागा उरली नाही. मॉइराला मुद्दाम फोन केला आणि रिसीव्हर खोलीकडे धरला. म्हटलं, ऐक. ती म्हणाली, काय आहे हा गोंधळ? मी म्हटलं, हा गोंधळ म्हणजे माझं घर.

१२.४०. डॅन अ‍ॅलेक आला. बिशपसह. दारात उभा राहून दिव्यांकडे बघत म्हणाला, मानलं तुला, इफी. त्याच्या बोलण्याचा अर्थ तोच होता, शब्द त्याचे स्वतःचे आणि जरा रांगडे होते. मी त्याला सर्वांत चांगली खुर्ची दिली. जिंकल्यावर माणसाने उदार असावं.

१२.५०. कुणीतरी म्हणालं, काय सुंदर वास येतोय, अगदी नाताळसारखा. खरंच येत होता. ताज्या स्प्रूसचा, गरम केल्यासारखा. मी म्हटलं, घर व्यवस्थित ठेवलं की असा वास येतो. फादर मात्र नाक वर करून खिडकीकडे गेले.

१.०५. दिवे गेले.

१.०६. यंत्र विश्रांती घेत आहे. तसं सर्वांना सांगितलं.

१.२०. अजून विश्रांती. सूप अर्धं वाढून झालं होतं, ते बरं. फादर म्हणाले, मी जाऊन बघतो. मी म्हटलं, फादर, तुम्ही आत्म्यांचं बघा. डॅन अ‍ॅलेक उठला, त्यालाही बसवलं. ते यंत्र आपलं आपण सुरू होण्यासाठीच बनवलेलं आहे. त्याच्या कामात आपण ढवळाढवळ केली तर ते शिकणार कधी?

१.४५. थंडी जाणवते असं काहींचं म्हणणं. तेलाची भट्टीही विजेशिवाय चालत नाही, हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. एका बाईने कोट घातला. कोट घालणं फार लवकर पसरतं.

२.१०. डॅन अ‍ॅलेकने माझा एक पाय, म्हणजे मीट पाय, टॉवेलमध्ये गुंडाळला, सुपाचं पातेलं टेसीकडे दिलं आणि दार उघडून धरलं. आणि सगळे उठले! चौदाच्या चौदा, माझं सूप घेऊन, माझे पाय घेऊन, एका रांगेत, बर्फातून, समोर. फादर सर्वांत पुढे. पवित्र आठवड्यातली मिरवणूकही आमच्याकडे इतकी शिस्तीत निघत नाही.

डॅन अ‍ॅलेक दारात थांबला. म्हणाला, चल इफी. मी म्हटलं, यंत्र सुरू झालं तर घरात कुणीतरी हवं. तो म्हणाला, बरं. आणि गेला. एवढंच? आग्रहसुद्धा नाही!

२.४५. मी उत्तम आहे. निळ्या स्वेटरवर करडा स्वेटर, त्यावर कोट, त्यावर पलंगपोस. शांतता आहे. किती दिवसांनी अशी शांतता मिळाली.

३.००. मॉइराचा फोन. म्हणाली, आई, आता काहीच आवाज येत नाही. मी म्हटलं, सगळे जेवून सुस्तावले आहेत. ती म्हणाली, आणि तुझे दात का वाजताहेत? मी म्हटलं, कुकी खाते आहे. ती काही बोलली नाही. मॉइरा बोलत नाही तेव्हा ती लिहून घेत असते.

ईस्टर यंदा वीस एप्रिलला आहे. मी मुद्दाम बघितलं नव्हतं, कॅलेंडर समोरच होतं. सत्तावन्न वर्षं या खिडकीतून समुद्र बघितला. त्या इमारतीच्या खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते. लिफ्टमध्ये संगीत वाजतं.

३.२५. डॅन अ‍ॅलेक परत आला. भुवयांवर बर्फ. म्हणाला, इफी, टेसीला एकटं वाटतंय. मी म्हटलं, तिच्याकडे चौदा माणसं आहेत. तो म्हणाला, तेरा. चौदावी इथे पलंगपोस पांघरून बसलीय.

टेसीसाठी म्हणून गेले.

२८ जानेवारी, मंगळवार

(त्याच बाकावरून लिहिते आहे. फोटो काढू नये अशी सक्त ताकीद दिली आहे.)

सकाळी उजाडल्यावर डॅन अ‍ॅलेक आणि फादर फावडी घेऊन गेले. मीही गेले, देखरेखीला. यंत्र दिसत नव्हतं. बर्फाची टेकडी होती. बर्फ काढला, आत फांद्या. फांद्या काढल्या, आतल्या बाजूने तपकिरी, कुरकुरीत, भाजलेल्या. फादरनी एक फांदी हातात घेऊन हुंगली. मग म्हणाले, इफी, तुम्ही याला गुदमरवलंत.

डॅन अ‍ॅलेक पाठ करून उभा राहिला. खांदे हलत होते. थंडीने असावेत.

फांद्या काढून एक बटण दाबलं आणि यंत्र सुरू झालं. योगायोग. ते तसंही सुरू होणारच होतं, त्याचा विश्रांतीचा काळ संपला होता. ब्रेंटला फोन केला. त्याने विचारलं, मॅडम, काही टेकवलं होतं का? मी म्हटलं, टेकवलं नव्हतं. पांघरलं होतं. मग त्याने तीन फुटांचं चौथ्यांदा सांगितलं.

दुपारी लाइट आले. संध्याकाळी मॉइराचा फोन. टेसीने तिला सगळं सांगितलं होतं, अगदी पलंगपोसाच्या रंगासकट. मॉइरा रागावली नाही. हे वाईट लक्षण. म्हणाली, आई, मी आठ तारखेला येते. आपण बसून बोलू.

१ फेब्रुवारी

मॉइरासाठी मुद्दे लिहून काढले. पहिला मुद्दा: यंत्र तब्बल पावणेदोन तास निर्दोष चाललं. दुसरा मुद्दा अजून सुचायचा आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

मॉइरा आली. भाड्याची गाडी पुलाजवळच्या वळणावर खड्ड्यात घातली. कॅलगरीत सरळ रस्ते आहेत, त्याने माणूस बिघडतो. मला फोन येईपर्यंत डॅन अ‍ॅलेकने तिला ट्रॅक्टरने ओढून काढलंही होतं. त्याच्यासोबत ती हसत घरात आली. मला ते हसणं आवडलं नाही.

तिने इमारतीचं रंगीत पुस्तक आणलं आहे. मुखपृष्ठावर एक म्हातारी फुगा धरून आनंदात आहे. ही बाई जन्मात कधी हॅलिफॅक्सच्या पलीकडे आलेली नाही, मी पैजेवर सांगते.

९ फेब्रुवारी, रविवार

आज निकाल लागला. सविस्तर लिहिते.

सकाळी मॉइरा टेबलाशी ते पुस्तक उघडून बसली होती. मी पहिला मुद्दा सुरू केला. तेवढ्यात टेसी आली, मासे घेऊन. मग पोस्टातली नवीन बाई आली, माझं पत्र घेऊन. रविवारी पोस्ट बंद असतं, हे मी तिला सुनावलं. मग फादर आले, यंत्राची तब्येत विचारायला. सगळे दार न वाजवता. मॉइराचं बोट पुस्तकाच्या एकाच पानावर राहिलं. दर वेळी ती म्हणायची, तर आई, मी काय सांगत होते, आणि दार उघडायचं.

शेवटी डॅन अ‍ॅलेक आला. मॉइराने त्याला सरळच विचारलं, डॅन अ‍ॅलेक, आई इथे रात्री पडली-बिडली, तर कुणाला कधी कळणार?

तो म्हणाला, सात वाजून पाच मिनिटांनी.

ती म्हणाली, म्हणजे?

तो टोपी हातात फिरवत म्हणाला, तिच्या स्वयंपाकघराचा दिवा सातला लागतो. पाच मिनिटं थांबतो. नाही लागला तर बूट घालतो. तुझे बाबा गेले तेव्हापासून, नऊ वर्षं झाली. दोनदाच जावं लागलं. एकदा बल्ब उडाला होता आणि एकदा झोपली होती, चपलेने मारलं मला.

नऊ वर्षं! नऊ वर्षं हा माणूस माझ्यावर पाळत ठेवून आहे आणि मला पत्ता नाही! मी त्याला तिथल्या तिथे सुनावणार होते, पण घशात माशाचा काटा अडकला. मासे अजून शिजवले नव्हते, तरी अडकला.

मॉइरा उठून खिडकीपाशी गेली. बराच वेळ समोरच्या घराकडे बघत होती. मग म्हणाली, माझ्या इमारतीत मी सहा वर्षं राहते. शेजारचा माणूस दाढी ठेवतो की नाही तेसुद्धा मला माहीत नाही. मी म्हटलं, मग तू इकडे राहायला ये. ती म्हणाली, आई, गप्प बस. आणि ते रंगीत पुस्तक टेसीला दिलं, मासे गुंडाळायला. नाव कापणार आहे. सोमवारी सकाळी पहिला फोन तोच.

यंत्राचा विजय झाला. मी सुरुवातीपासून म्हणत होते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी ४.५०. लाइट गेले. दहा सेकंदांत आले. यंत्राभोवती चारही बाजूंनी तीन फूट स्वच्छ जागा, फावड्याने आखून काढलेली. आवाज खणखणीत. या वेळी काहीही चुकणार नाही.

५.००. चहा ठेवला. मोठी किटली. कप बारा काढले, दोन जास्तीचे.

५.२०. घर गरम आहे. सगळे दिवे लावले, वरच्या मजल्यावरचेही. कुणी आलं तर लांबून दिसावं.

५.३५. रस्त्यावरून कंदील गेले. समोर गेले. मला वाटलं, तिकडून टेसीला घेऊन इकडे येतील.

५.५०. यंत्र उत्तम चाललं आहे. एक तास पूर्ण. मी खोलीच्या मध्यभागी बसले आहे आणि सगळं अगदी सप्टेंबरात योजलं होतं तसंच आहे. उजेड, उष्णता, शांतता, माझं स्वतःचं घर. चहा फार कडक झाला.

६.०५. लोकांची स्मरणशक्ती काही खरी नाही. डिसेंबरात इतकं स्पष्ट जाहीर केलं होतं.

६.१०. टेसीची पाय भाजायची परात किती दिवस इथे पडून आहे. दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणं मला शोभत नाही. देऊन लगेच येते.

७.३०. परात दिली. इथे इतकी गर्दी आहे की बाकावर बसायला बिशपला उठवावं लागलं. पत्त्यांच्या टॅराबिशच्या डावाला एक भिडू कमी होता आणि डॅन अ‍ॅलेक म्हणाला, फादरना भिडू घेतलं तर ते पाप समजून राजा टाकतच नाहीत. नाइलाज झाला. पहिला डाव आम्ही जिंकला. दुसराही.

खिडकीतून समोर माझं घर दिसतं. सगळ्या खिडक्या उजळलेल्या, एखाद्या जहाजासारख्या. आत कुणी नाही. टेसी म्हणाली, अगं, तिकडे केवढं झगमगीत आणि गरम, आणि तू इथे धुरात कशी? मी तिला शांतपणे समजावलं की यंत्र नीट चालतंय की नाही हे लांबूनच चांगलं दिसतं, आणि म्हणून मी लाइट येईपर्यंत इथेच बसणार आहे.

पानं वाटून झाली. डॅन अ‍ॅलेक म्हणतो, वही ठेव आता, इफी, उतारी तुझी आहे.